'रन' या एका शब्दाने किती पळायचं?

अर्धविराम:
गेले चार दिवस एका वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करते आहे. काम किरकोळ वाटलं होतं. चाळीस पानं, त्यातली अर्धी चित्रं. कच्चा अनुवाद संगणकाने आधीच करून ठेवलेला, मी तो फक्त 'जरा बघून द्यायचा' असं ठरलेलं. त्या कच्च्या अनुवादातली ही तीन रत्नं:

'गडद कपडे वेगळे धुवा, अन्यथा रंग धावू शकतात.'
'वापरापूर्वी नळ दोन मिनिटे पळवा.'
'मशीन रिकामे असताना धावू नका.'

तिसरं वाचून मी लॅपटॉप मिटला आणि पाणी पिऊन आले.

मूळ इंग्रजीत तिन्ही ठिकाणी एकच शब्द आहे, 'रन'. मग पेन्सिल घेऊन पुस्तिकेतल्या सगळ्या 'रन'भोवती गोल करत सुटले. सव्वीस निघाले! त्यात 'पायांनी धावणे' या अर्थाचा एकही नाही.

माझं स्पष्ट मत सांगते, पटलं नाही तर भांडा. हे काही भाषेचं वैभव नाही, निव्वळ आळस आहे. आपल्याकडे पाणी वाहतं, रंग जातो, यंत्र चालतं, ताप येतो, निवडणूक लढवतात. ज्या त्या कामाला ज्याचा तो माणूस. इंग्रजीने एकाच गड्याला सगळीकडे जुंपलंय.

आणि जाता जाता हे वाक्य कोणी सोडवून द्याल का? मी अडकले आहे:
'रन अ डॅम्प क्लॉथ ओव्हर द पॅनल, देन रन द मशीन एम्प्टी अंटिल द वॉटर रन्स क्लिअर.'
एका वाक्यात तीन.

टिंबटिंब:
मी पयला! आता 'रनर-अप' कोण ते बघू.

कोडगा:
रनर-अप मीच.

दिवसातून शंभर वेळा हा शब्द माझ्या तोंडात असतो. 'रन केलंस का?', 'माझ्याकडे तर रन होतंय', 'रात्रभर रन ला लावून ठेव'. पण एक गंमत बघा. आम्ही 'रन होणे' आणि 'चालणे' यांचे अर्थ नकळत वेगळे करून टाकलेत. प्रोग्राम रन झाला म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत गेला, एवढंच. चालला म्हणजे हवं ते उत्तर दिलं. परवा मी स्वतः बोललेलं वाक्य: 'रन झाला, पण चालला नाही.' ऐकणाऱ्याला ते लगेच कळलंही.

तेव्हा ताई, आळस बिळस नाही. शब्द उसना घेतला आणि आपल्या शब्दाशेजारी बसवून दोघांत कामाची वाटणी केली.

नीलमोहोर:
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). 'मशीन रिकामे असताना धावू नका' फ्रेम करून लावते.

जुनाखोड:
अर्धविराम, तुम्ही फार मोठ्या शत्रूशी पंगा घेतला आहे. इंग्रजीतलं सर्वांत जास्त अर्थांचं क्रियापद म्हणून आज 'रन'चंच नाव घेतलं जातं.

थोडा इतिहास. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम पुरं व्हायला १९२८ उजाडलं. मुख्य संपादक जेम्स मरे १९१५ मध्येच गेले, त्यांना शेवट बघायला मिळाला नाही. त्या काळापासून सर्वांत लांब नोंदीचा मान 'सेट' या शब्दाकडे होता. १९८९ च्या वीस खंडी दुसऱ्या आवृत्तीत एकट्या 'सेट' क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ होते आणि ती नोंद साधारण साठ हजार शब्दांची. साठ हजार! एक छोटी कादंबरीच की.

मग तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झालं, एकेक शब्द पुन्हा तपासला जाऊ लागला. आधी 'मेक' पुढे गेला, मग 'पुट', आणि २०११ च्या सुमारास 'रन'ने सगळ्यांना मागे टाकलं. एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ. पीटर गिलिव्हर नावाच्या कोशकाराला हा एक शब्द आवरायला नऊ महिने लागले.

तुमचे सव्वीस म्हणजे अजून पॅव्हेलियनमधून बाहेरही आलेले नाहीत.

टिंबटिंब:
नऊ महिने??? त्यानंतर बारसं केलं का?

अर्धविराम:
जुनाखोडकाका, ६४५ हा आकडा वाचून माझी बाजू बळकट झाली असं मला वाटतंय, कमकुवत नाही. एका माणसाकडे ६४५ कामं असतील तर त्याला कर्तबगार म्हणायचं, की बाकीचे बसून आहेत असं म्हणायचं?

तिसरा_पंच:
क्रिकेटचं कोणी बोलतच नाही म्हणून मीच येतो.

आपण रनला 'धाव' म्हणतो आणि विषय संपला असं समजतो. पण चौकार मारला की फलंदाज जागेवर उभा राहून बॅटीने खेळपट्टी ठोकत असतो. धावला कोण? कोणीच नाही. रन किती? चार. वाइड चेंडूला तर बॅटही लागलेली नसते, तरी रन मिळते. म्हणजे खेळातसुद्धा रन म्हणजे धावणं राहिलेलं नाही, ते मोजायचं एकक झालंय.

मुळात ते एककही नंतरचं. पूर्वी धावा मोजायला काठीवर खाचा पाडत, आणि १७४४ च्या नियमांत धावेला चक्क 'नॉच' म्हणजे खाच म्हटलंय. शतक काढलं की काठीचं काय होत असेल?

शिवाय गोलंदाजाचा 'रन-अप' वेगळा, जखमी फलंदाजाचा 'रनर' वेगळा, 'रन रेट' वेगळा, आणि 'रन आउट'साठी आपल्याकडे 'धावबाद' हा झकास शब्द आहे. तोच 'रन आउट' घरात झाला की साबण संपलेला असतो.

बिनओळखी:
शेवटच्या षटकात वीस धावा हव्या असताना आम्ही टीव्हीसमोर बसून धावाच करत होतो.

तिसरा_पंच:
@बिनओळखी, दंडवत! देवाचा धावा आणि फलकावरच्या धावा. हा श्लेष इंग्रजाच्या बापाला जमणार नाही.

नीलमोहोर:
अर्धविरामताई, भांडा म्हणालात म्हणून भांडते.

'आपल्याकडे ज्या त्या कामाला ज्याचा तो माणूस' हे तुमचं वाक्य घेऊन फक्त 'लागणे'कडे बघा. भूक लागते, आग लागते, झोप लागते, ठेच लागते, उचकी लागते. नाद लागतो, लळा लागतो, दृष्ट लागते. निकाल लागतो, नंबर लागतो, लॉटरी लागते, वाट लागते. फोन लागत नाही. दार लागतं. सूर लागतो, समाधी लागते. तो माझा मामा लागतो. आंबट लागतं. रस्त्यात नदी लागते. जायला वेळ लागतो, पैसे लागतात, जावं लागतं. बाळ बोलू लागतं. आणि कोणी टोचून बोललं की मनाला लागतं.

आता एखाद्या परदेशी माणसाला हे शिकवा. 'मामा लागतो' आणि 'आग लागते' यांत समान काय, ते त्याला समजावून सांगा. मी एका मराठी शिकणाऱ्या मैत्रिणीला सांगायला गेले होते. तिने वहीत लिहिलं, 'लागणे: काहीही होणे.' मला ते खोडता आलं नाही.

अर्धविराम:
हे मात्र मला लागलं.

तिरकस:
एवढ्यात हार मानू नका हो ताई. 'लागणे'त निदान एक सूत्र आहे: काहीतरी येऊन चिकटतं. आग चिकटते, नाद चिकटतो, मामा तर चिकटतोच. 'रन'मध्ये काय सूत्र आहे? बँकेवर 'रन' होतो, मोजा उसवून रेघ पडली की तोही 'रन', कोंबड्यांचा जाळीचा खुराडा तोही 'रन'. कुठे काय.

काकू_ऑनलाइन:
माझा अनुभव सांगते. भाचीला इंग्रजी बोलायचा सराव हवा म्हणून आम्ही दोघी फोनवर इंग्रजीतच बोलायचो. एकदा मी मोठ्या ऐटीत म्हणाले, 'आय रॅन इंटू युअर टीचर यस्टरडे', म्हणजे काल तुझ्या बाई अचानक भेटल्या. पलीकडे क्षणभर शांतता. मग रडवेला आवाज, मराठीत: 'मावशी, फार लागलं का त्यांना?'

तिला वाटलं मी गाडीने ठोकलं. आणि चूक तिची तरी कशी म्हणायची? खांबाला गाडी धडकली तरी 'रॅन इंटू'च. 'इंटू' काढून 'ओव्हर' टाकलं तर बाई गेल्याच. 'थ्रू' टाकलं तर तलवार आरपार. 'डाउन' टाकलं तर एक तर अंगावर गाडी नाही तर पाठीमागे निंदा. हा शब्द स्वतः काहीच करत नाही, त्याच्या शेपटाला लावलेलं अव्ययच सगळं करतं.

(आणि बघा, 'फार लागलं का' यात पुन्हा नीलमोहोरचा 'लागणे' आलाच.)

कोडगा:
काकू, 'लेट मी रन धिस बाय यू' (म्हणजे 'हे तुला सांगून तुझं मत घेतो') हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खुर्ची बाजूला सरकवली होती. म्हटलं, जाऊ दे बिचाऱ्याला.

हिशेबनीस:
तिरकस यांनी बँकेचा उल्लेख केलाय, तर दोन शब्द.

बँकेवरचा 'रन' म्हणजे सगळे ठेवीदार एकदम पैसे काढायला येणं. आलेल्या ठेवींतला मोठा भाग बँकेने कर्जाऊ दिलेला असतो, हाताशी रोकड थोडीच. त्यामुळे धडधाकट बँकसुद्धा नुसत्या अफवेने कोसळू शकते. आपला पैसा बुडेल या भीतीने जो तो धावतो आणि त्या धावण्यानेच तो बुडतो.

२००७ च्या सप्टेंबरात ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉक या बँकेसमोर रांगा लागल्या, तेव्हा १८६६ नंतर ब्रिटिश बँकेवर आलेला हा पहिलाच रन असं सगळीकडे छापून आलं होतं. पण माझं लक्ष गेलं ते रांगांकडे. रन म्हणतात आणि लोक तासन् तास उभे! मग २०२३ च्या मार्चमध्ये अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर गेले. तिथे तर रांगही फारशी नव्हती, लोकांनी बसल्या जागी फोनवरून काढले. आधी धावत गेले, मग उभे राहिले, आता बसून. शब्द तोच.

मराठीत याला काय म्हणावं? 'बँकेवर झुंबड' बरं वाटतं, पण झुंबड दिसावी लागते. फोनवरची झुंबड दिसत नाही.

बिनओळखी:
'बँकेवर धाड' म्हणू नका फक्त. तो वेगळ्या खात्याचा विषय आहे.

शब्दवेडी:
सूत्र काय, या तिरकस यांच्या प्रश्नावर जरा खोलात जाते. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आपण समजतो की 'रन'चा मूळ अर्थ पायांनी धावणं आणि बाकी सगळे त्यावरून ताणलेले. पण पाण्याचं वाहणंही या धातूत अगदी जुन्या काळापासून आहे. जर्मन ही इंग्रजीची सख्खी बहीण. तिच्यात 'रेनेन' म्हणजे धावणं आणि 'रिनेन' म्हणजे पाझरणं, वाहणं, हे दोन शब्द आजही वेगळे आहेत. जुन्या इंग्रजीतही स्वतः धावणं आणि दुसऱ्याला धावायला लावणं यांची क्रियापदं निरनिराळी होती. पुढे उच्चार एकमेकांत मिसळले आणि एकच 'रन' उरला.

म्हणजे अर्धविराम म्हणतात तसं एका गड्याला सगळीकडे जुंपलं असं नाही. दोनतीन भाऊ होते, ते एकाच नावाने हजेरी लावू लागले.

तिथेच मोठा फरक पडला. मराठीत चालणे आणि चालवणे, पळणे आणि पळवणे. 'व' घातला की करवून घेणारा आला. इंग्रजीत तो 'व' नाही. घोडा रन करतो आणि माणूस घोड्याला रन करतो. मग माणूस यंत्राला, दुकानाला, देशालाही रन करू लागला. ६४५ पैकी कितीतरी अर्थ या एका 'व'च्या अभावातून आलेत असं मला वाटतं.

आणखी एक. जर्मनमध्ये 'गेरिनेन' म्हणजे गोठणं, दूध नासून एकत्र येणं. वाहणारं एकत्र येऊन घट्ट होतं, तेही याच कुळातलं. म्हणजे वाहणं आणि गोठणं सख्खे चुलत!

तिरकस:
बरं, 'हालचाल, प्रवाह' हे सूत्र मान्य. पण 'रन द गाँटलेट'मध्ये पोलादी हातमोजा कुठून आला? हातमोजा घालून धावायचं?

शब्दवेडी:
तो हातमोजा नाहीच! मूळ स्वीडिश शब्द 'गाटलोप'. 'गाटा' म्हणजे गल्ली, 'लोप' म्हणजे धाव. सैन्यातली शिक्षा होती ती: दोन रांगांच्या मधून अपराध्याने जायचं आणि दोन्हीकडच्यांनी हाणायचं. सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला, लोकांना 'गाटलोप' कळेना, तेव्हा त्यांनी त्याचा ओळखीचा 'गाँटलेट' करून टाकला. म्हणजे त्या वाक्प्रचारात धाव दोनदा आहे, एकदा इंग्रजी आणि एकदा स्वीडिश.

'रन अमोक' म्हणजे बेभान होऊन धुमाकूळ घालणं, त्यातला 'अमोक' मलय भाषेतला आहे, ते बहुतेकांना माहीत असेलच.

खलाशी:
बरीच वर्षं समुद्रावर काढली आहेत, म्हणून थोडी भर.

शिडाच्या जहाजावर दोरखंडांचे दोन प्रकार. डोलकाठी जागेवर धरून ठेवणारे, बांधले की हलत नाहीत, ते 'स्टँडिंग रिगिंग'. शिडं वरखाली करायचे, कप्पीतून सरकणारे, ते 'रनिंग रिगिंग'. वारा मागून येत असताना जाणं म्हणजेही 'रनिंग'. ऐकायला सगळ्यांत सोपं वाटतं, वारा पाठीशी, मजाच मजा. प्रत्यक्षात तेव्हाच सुकाणूवरच्या माणसाने जास्त जागं राहायचं. दिशा थोडी चुकली की शीड फटकन दुसऱ्या बाजूला येतं आणि खालचा आडवा दांडा डोक्याच्या उंचीवरून फिरतो.

आणि 'रन अग्राउंड'. एका भाषांतरात मी 'जहाज जमिनीवर धावत गेले' असं वाचलं आहे. जहाज रुततं हो! धावायचं थांबतं तेव्हाच त्याला 'रन अग्राउंड' म्हणतात.

टिंबटिंब:
म्हणजे इंग्रजीत थांबायलाही धावावं लागतं. नोटेड.

जुनाखोड:
निवडणुकीचं बघा. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो, ब्रिटनमध्ये 'स्टँड' करतो. आपण ब्रिटिशांच्या बाजूचे, आपला उमेदवार उभा राहतो. उभा राहिला म्हणूनच पुढे पडतो.

तिरकस:
आणि पडला तरी पळतो. दुसऱ्या पक्षात.

डॉ_फावल्यावेळचा:
दवाखान्यातलं 'रन' वेगळंच. नाक 'रन' करतं, ताप 'रन' करतात, तपासण्या 'रन' करतात. जुलाब होत असले तरी तरुण मुलं आई शेजारी असली की लाजून म्हणतात, 'डॉक्टर, कालपासून रन्स आहेत.' एकदा एका आजोबांनी मध्येच विचारलं, 'किती झाल्या?' मुलगा म्हणाला, 'नऊ.' आजोबा: 'नाबाद?'

तेव्हापासून तो पेशंट माझ्याकडे पुन्हा आला नाही.

अर्धविराम:
डॉक्टर, सकाळी सकाळी कॉफी नाकातून आली. म्हणजे नाक रन झालं.

धाग्यात_गाठ:
बराच वेळ वाचत होते, आता राहवत नाही. अर्धविराम, तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये एक चूक आहे आणि ती पुस्तिकेत जाऊ देऊ नका.

तुम्ही लिहिलंय 'रंग जातो'. रंग जातो म्हणजे कापड फिकं पडतं, उन्हाने किंवा धुऊन धुऊन. त्याला इंग्रजीत 'फेड'. कापडाचा रंग 'रन' होतो म्हणजे तो ओलाव्याबरोबर पसरतो आणि शेजारच्या कपड्याला लागतो. दोन्ही वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात एक कपडा वाया जातो, दुसऱ्यात सगळी बादली.

रंग सुटतो का ते बघायचं असेल तर शिवणीच्या आत दडलेला कोपरा ओला करायचा, त्यावर पांढरा फडका ठेवून अंगठ्याने घट्ट दाबायचं आणि फडका उलटून बघायचा. डाग उमटला की तो कपडा एकटा धुवायचा. पुस्तिकेत असं लिहा: 'गडद कपड्यांचा रंग सुटून इतर कपड्यांना लागू शकतो.' सरळ आणि कळणारं.

तसंच, 'रन'ला मराठीत 'धाव' चालतच नाही असं समजू नका. रनिंग स्टिच म्हणजे आपला धावदोरा. सुई कापडात एकदा खाली एकदा वर, न थांबता पुढे जाते, म्हणून धाव. हा शब्द मी आजीकडून शिकले आणि तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं.

शब्दवेडी:
धावदोरा! किती सुंदर शब्द काढलात. मग यादीच करूया: धावपट्टी, धावतं समालोचन, धावती भेट, धावता आढावा.

जुनाखोड:
नुसती 'धाव'ही घ्या. गाडीच्या लाकडी चाकावर बसवलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. मोट ओढताना बैल ज्या उतारावरून जायचे तीही धाव. आणि सरड्याची कुंपणापर्यंत असते ती तर सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा आपल्या धावेलाही बऱ्यापैकी संसार आहे.

कोडगा:
जुनाखोडकाका, मला त्या ६४५ वरच शंका आहे. नदी वाहते आणि नाक वाहतं हे दोन अर्थ की एक? मोजणाऱ्यावर ठरणार ना? मी मोजले तर ४०, तुम्ही मोजले तर ४०००.

जुनाखोड:
शंका रास्त आहे. कोशकारांत दोन जाती असतात, जोडणारे आणि तोडणारे. जोडणारा म्हणेल, द्रव पुढे सरकतोय, एकच अर्थ. तोडणारा म्हणेल, नदी रन करते तेव्हा पाणी वाहतं, पण नळ रन करतो तेव्हा नळ जागेवरच असतो. पुन्हा 'मी नळ रन करतो' म्हटलं की कर्ता मी. झाले तीन. ऑक्सफर्डचा कोश इतिहासाचा आहे. कोणता वापर कधीपासून दिसतो हे त्यांना दाखवायचं असतं, म्हणून ते तोडतात. आणि ६४५ मध्ये काकूंचे ते शेपटीवाले 'रन इंटू', 'रन ओव्हर' सगळे धरलेले आहेत.

एवढे का वाढले याचं उत्तर मात्र मला यंत्रांत दिसतं. आगगाड्या आल्या, त्या रन करू लागल्या. गिरण्या, मग मोटारी, मग कोडगांचे प्रोग्राम. प्रत्येक नव्या यंत्राला 'चालू असणं' सांगायला इंग्रजीने नवा शब्द न काढता हाच पुढे केला.

नीलमोहोर:
आणि आपण 'चालणे' पुढे केलं! गाडी चालते, गिरणी चालते, दुकान चालतं, नाटक चालतं, खटला चालतो, नाणं चालतं, डोकं चालतं (कधी कधी). इंग्रज जिथे धावतो तिथे आपण चालतो. काम तेच.

काकू_ऑनलाइन:
आणि 'चालेल' विसरू नका. 'उद्या आले तर चालेल?' 'चालेल.' सगळा कारभार त्या एका शब्दावर चालतो.

बिनओळखी:
रनर बीन्स या शेंगांना रनर का म्हणतात? कुठे पळून जातात?

धाग्यात_गाठ:
वेल आहे तो, भराभर वर चढत जातो म्हणून. स्ट्रॉबेरीची जमिनीवर सरपटत जाणारी फांदी तीही रनर.

तिरकस:
धागा भाजीवर गेला. अर्धविराम, धावा!

अर्धविराम:
आले आले. आधी शरणागती: 'आळस' हा शब्द मागे घेते. नीलमोहोरची यादी वाचून आणि शब्दवेडींचा 'व' वाचून मत बदललं. पण एवढं अजून म्हणेन की वापरणाऱ्याला वैभव असलं तरी भाषांतर करणाऱ्याला ताप आहे. जो मी सध्या रन करते आहे.

सव्वीसपैकी तेवीस सुटले. 'नळ दोन मिनिटे सोडून ठेवा.' 'मशीन रिकामे चालवू नका.' रंगाचं वाक्य धाग्यात_गाठ यांचं जसंच्या तसं घेतलं. आता फक्त ते तीन रनवालं वाक्य. पण थांबा, त्यात दुसरीच अडचण निघाली. आधी म्हणतात रिकामं चालवू नका, इथे म्हणतात रिकामंच चालवा?

कोडगा:
मूळ वाक्यं देता का?

अर्धविराम:
पहिलं: 'नेव्हर रन एम्प्टी ड्यूरिंग द ड्राय सायकल.' म्हणजे ते फक्त वाळवण्याच्या फेरीपुरतं आहे. कच्च्या अनुवादात अर्धं वाक्यच गायब होतं! बरं झालं विचारलंत.

शब्दवेडी:
'पॅनलवरून ओले फडके फिरवा. नंतर मशीन रिकामे चालवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत.'

धाग्यात_गाठ:
ओलं नको, ओलसर. 'डॅम्प' म्हणजे पिळून घेतलेलं. त्या पॅनलच्या आत वीज आहे. आणि पाणी 'येईपर्यंत' म्हटलं तर नळाचं वाटेल. मशीनमधून बाहेर पडणारं पाणी आहे ना?

काकू_ऑनलाइन:
घरात 'मशीन चालवते' असं कोण म्हणतं? आपण मशीन लावतो.

अर्धविराम:
काकू, तुम्ही जिंकलात. अखेरचा मसुदा:

'पॅनल ओलसर फडक्याने पुसून घ्या. मग कपडे न घालता मशीन लावा आणि बाहेर पडणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत चालू ठेवा.'

टिंबटिंब:
'कपडे न घालता मशीन लावा.' ताई, परत एकदा वाचा.

अर्धविराम:
अरे देवा. 'मशीनमध्ये कपडे न टाकता'!! छापून गेलं असतं. टिंबटिंब, तुमचे शतशः आभार.

नीलमोहोर:
हसून हसून पोट दुखलं. आणि तीन 'रन'मधला एक 'लावणे'ने सोडवला याची नोंद घेतली जावी. 'लागणे'चाच धाकटा भाऊ.

अर्धविराम:
दोन दिवसांनी अपडेट. पुस्तिका तपासून परत आली. 'मशीन लावा' लाल रेघेने खोडलंय आणि शेजारी लिहिलंय: 'ग्राहकांना समजेल असा शब्द वापरा. मशीन रन करा.'

बिनओळखी:
देवा, धाव.